कन्याशाळेचा वर्धापनदिन : सोहळा आणि हिशेब

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शाळांतून एकच लगबग उडते. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अजून कपाटात असतात, निम्मा अभ्यासक्रम शिकवायचा राहिलेला असतो आणि तरीही क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहल, ३ जानेवारीचा बालिका दिन, संक्रांतीचा तिळगूळ, प्रजासत्ताक दिनाचे संचलन आणि या सर्वांच्या शिरोभागी स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण अशी कार्यक्रमांची रांग लागते. त्यातच शाळेचे पंचविसावे, पन्नासावे किंवा पंचाहत्तरावे वर्ष असले, तर विचारायलाच नको. स्मरणिकेच्या जाहिराती, माजी विद्यार्थिनींचा मेळावा, प्रवेशद्वारावरची कमान आणि पाहुण्यांच्या तारखा यांतच सत्र संपून जाते. मार्चमध्ये सावित्रीबाईंच्या पुण्यतिथीला फुले वाहिली जातात, दहावीच्या मुलींना निरोप दिला जातो आणि वर्ष संपते.

या धामधुमीकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. डोंबिवलीसारख्या गावात, जेथे आईवडील दोघेही पहाटे डबे भरून मुंबईची गाडी पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात, तेथे मुलीच्या शाळेचे संमेलन हा घरादाराचा प्रसंग असतो. आई अर्ध्या दिवसाची रजा टाकते, आजी ठेवणीतले पातळ काढते, आणि तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी उभी असलेली आपली मुलगी पाहून सारे कुटुंब धन्य होते. वर्षभर गुणपत्रिकेच्या रकान्यांत बंदिस्त झालेली मुलगी त्या दिवशी घरच्यांना वेगळीच दिसते. शाळा आणि घर एकमेकांसमोर येण्याचा हा वर्षातला एकमेव निवांत प्रसंग आहे, आणि तो मोडीत काढावा असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो हा प्रसंग कोणाच्या हाती असावा, याचा. मुलींच्या शाळेतील समारंभ मुलींनी उभा केलेला असतो, की मुली त्या समारंभात केवळ उभ्या केलेल्या असतात? आणि शाळेच्या वयात एक वर्ष वाढले म्हणून जो दिवस साजरा होतो, त्या दिवशी शाळा आपल्या कामाचा हिशेब समाजाला देते, की हिशेब बाजूला सारण्यासाठीच रोषणाई केली जाते? या दोन प्रश्नांची उत्तरे अनेक ठिकाणी समाधानकारक नाहीत. ती तशी का असावीत, हे समजण्यासाठी मुलींच्या शाळांचे समारंभ मुळात कशासाठी सुरू झाले, ते आठवावे लागते.

परीक्षेतून समारंभ

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्या वेळी शाळेचा वार्षिक समारंभ म्हणजे जाहीर परीक्षा असे. गावातील प्रतिष्ठित, सरकारी अधिकारी आणि सामान्य माणसे यांच्यासमोर मुली वाचून दाखवीत, गणिते सोडवीत, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत. फेब्रुवारी १८५३ मध्ये फुल्यांच्या शाळांतील मुलींची अशी परीक्षा झाली, तेव्हा २३७ मुली हजर होत्या आणि त्यांना पाहण्यासाठी लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती. मुलगी शिकू शकते, यावर ज्या समाजाचा विश्वास नव्हता, त्या समाजाला ते प्रत्यक्ष दाखवणे हा त्या समारंभाचा हेतू होता. त्या काळातील एका बक्षीस समारंभाची नोंद तर आजच्या प्रत्येक संस्थाचालकाने वाचावी अशी आहे. पाहुणे बक्षिसे वाटत असता एका लहान मुलीने सांगितले, की आम्हांला बक्षीस म्हणून खेळणी नकोत, शाळेसाठी ग्रंथालय हवे. पाहुण्यांनी द्यायचे आणि मुलींनी वाकून घ्यायचे, ही समारंभाची रीत त्या मुलीने एका वाक्यात उलटी केली. आपल्या शाळेला काय कमी आहे, हे तिला ठाऊक होते आणि ते चारचौघांत सांगण्याचे धैर्यही त्या शाळेने तिला दिले होते.

याच शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध चौदा-पंधरा वर्षांच्या आतल्या विद्यार्थिनीने लिहिलेला होता. सुविचार आणि ऋतुवर्णने यांच्या पलीकडे जाऊन, धर्माच्या नावाने आपल्या जातीवर झालेल्या अन्यायाचा जाब तिने त्यात विचारला. आज शाळाशाळांतून हस्तलिखिते आणि वार्षिक अंक निघतात, त्यांच्या परंपरेचा आरंभ शोधायचा झाला, तर तो या निबंधापाशी जाऊन पोचतो.

त्याच १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. लोखंडी रस्ता असा भराभर पुढे सरकला. मुलींचे शिक्षण मात्र त्या वेगाने सरकले नाही. आगगाडी कल्याणला येऊन दोन दशके झाली, तरी तेथील जोशी घराण्यातील यमुना नावाच्या मुलीचे नवव्या वर्षी लग्न झाले. टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांची ती पत्नी झाली आणि आनंदीबाई या नावाने पुढे जगाला माहीत झाली. चौदाव्या वर्षी झालेले तिचे मूल अवघे दहा दिवस जगले, आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी ही गोष्ट तिच्या मनाने घेतली. मुंबईत हातात पुस्तके घेऊन ती पायी शाळेला जाई, तेव्हा लोक खिडक्यांतून डोकावून पाहत, काही जण गाड्या थांबवून पाहत, आणि रस्त्यावरचे हसत. फेब्रुवारी १८८३ मध्ये, अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, तिने कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेला का जाता, येथे शिकता येत नाही काय, एकट्याच का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, संकट आले तर काय कराल, आणि जे कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे, अशा सहा प्रश्नांची उत्तरे तिने त्या सभेत एकामागून एक दिली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या बाविसाव्या वर्षी पुण्यात तिचे निधन झाले.

आनंदीबाईंचे नाव कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक शाळेत घेतले जाते. त्यांच्या जीवनावरच्या नाटुकलीशिवाय बालिका दिन पार पडत नाही. परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक आदींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाले ते २९ सप्टेंबर १८८४ रोजी. त्या वेळी कल्याणची ही मुलगी फिलाडेल्फियात वैद्यकाचे एक वर्ष पुरे करून बसली होती. जिच्यासाठी गावात हायस्कूल नव्हते, तिला समुद्र ओलांडावा लागला. आणि हायस्कूल निघाल्यावरही ते सुखाने चालू दिले गेले नाही. १८८७ साली 'केसरी'ने या शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर कडाडून टीका केली. मुलींनी इतके तास घराबाहेर राहावे आणि असे विषय शिकावेत हे टीकाकारांना मानवणारे नव्हते. वाद मुलींच्या वेळेचा होता, आणि तिच्या वेळेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न अद्याप सर्वस्वी मिटलेला नाही.

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. मुलींच्या शाळेचा जाहीर समारंभ हे मुलींनी समाजासमोर बोलण्याचे स्थान होते. त्या दिवशी परीक्षा मुलींची असे, आणि पाहणाऱ्या समाजाचीही असे.

सर्व कामे मुलींची

आज मुलींसाठी वेगळ्या शाळा हव्यातच कशाला, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. मुलामुलींना पुढे एकत्रच काम करायचे असेल, तर दहा वर्षे त्यांना वेगळे ठेवून काय साधते? वेगळी शाळा म्हणजे मुलींवर अधिक पहारा, असाही अनुभव काही ठिकाणी येतो. केवळ 'मुलीची जात, तिकडे मुलगे नाहीत ना' एवढ्याच समाधानासाठी पालक कन्याशाळेकडे वळत असतील, तर ती शाळा शिक्षणाचे कार्य करते की राखणदारीचे, असा संशय घेता येतो.

कन्याशाळेच्या बाजूने देता येणारे सर्वांत बळकट उत्तर तिच्या वर्गात सापडत नाही. ते तिच्या उपक्रमांत सापडते. मिश्र शाळेत संमेलनाची कामे वाटली जातात, तेव्हा ध्वनिक्षेपक, पडदा, दिवे, बाकडी हलवणे, ढोल, हिशेब आणि बाजारहाट ही कामे न सांगता मुलांकडे जातात. रांगोळी, पाहुण्यांना ओवाळणे, ईशस्तवन आणि पुष्पगुच्छ ही मुलींकडे येतात. कोणी ठरवून तसे करत नाही. घरात जे चालते तेच शाळेत उतरते. कन्याशाळेत हा मार्गच खुंटलेला असतो. तेथे बाकडी मुलींनाच उचलावी लागतात, ढोल मुलींनाच गळ्यात अडकवावा लागतो, पडद्याची दोरी अडकली तर शिडीवर मुलीलाच चढावे लागते, आणि शंभर रुपयांचा हिशेब जुळला नाही तर रात्री वही घेऊन मुलीलाच बसावे लागते. नाटकात शिवाजी मुलगीच होते आणि अफझलखानही मुलगीच. संचलनाची आज्ञा मुलगीच देते आणि कबड्डीच्या संघाची तक्रार घेऊन पंचांसमोर मुलगीच जाते.

बाहेरच्या जगात जी कामे 'बायकांची नव्हेत' म्हणून तिच्यापासून दूर ठेवली जातात, ती सर्व कामे चौदाव्या वर्षी स्वतःच्या हाताने करून पाहण्याची सोय, हे कन्याशाळेचे खरे धन आहे. ठाणे-डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रांत आज मुली ढोल वाजवतात याचे कौतुक होते. ढोलाचे ओझे मुलीच्या खांद्याला पेलते हे कन्याशाळेच्या लेझीम पथकांनी त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते. अशा शाळेतून बाहेर पडलेली मुलगी उद्या कचेरीत एखाद्या सभेचे इतिवृत्त लिहील किंवा सोसायटीच्या बैठकीत जमाखर्चावर शंका विचारील, तेव्हा तिच्या आवाजातील निर्धार कोठून आला, हे गुणपत्रिकेवरून सांगता येणार नाही.

यावरून कन्याशाळेच्या समारंभाची कसोटीही ठरते. जेथे ही कामे मुलींकडे आहेत, तेथे वेगळ्या शाळेला अर्थ आहे. जेथे ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली, तेथे तो अर्थही निघून जातो.

भाडोत्री दिमाख

आणि ती काढून घेतली जात आहेत, हीच चिंतेची बाब आहे. गेल्या काही वर्षांत शाळांच्या संमेलनांचे रूप झपाट्याने पालटले. नृत्य बसवायला बाहेरचा दिग्दर्शक येतो, पोशाख भाड्याने येतात, गाणे ध्वनिमुद्रित असते, निवेदनाची संहिता कोणीतरी लिहून देतो, आणि मंच, प्रकाश व ध्वनी यांचा ठेका एकाच कंत्राटदाराला दिला जातो. मुलींच्या वाट्याला राहते ते तीन मिनिटे ठरलेल्या जागी हलणे. कार्यक्रम देखणा होतो, यात शंका नाही. परंतु त्यात शाळा कोठे असते? पूर्वी गाणे बसवताना पेटी वाजवणारी मुलगी लागे, ताल चुकला तर सावरणारी लागे, आणि शब्द विसरले तर आतून सांगणारीही लागे. आता चुकण्याची सोयच उरलेली नाही, म्हणून शिकण्याचीही उरलेली नाही.

निवडीचा प्रकार तर अधिक खटकणारा आहे. पाहुण्यांच्या स्वागताला कोणत्या मुली उभ्या करायच्या, पहिल्या रांगेत कोणाला घ्यायचे, हे ठरवताना रंगरूप पाहिले जाते ही गोष्ट उघड बोलली जात नसली, तरी प्रत्येक शाळेतील मुलींना ती ठाऊक असते. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आणि त्याच सभागृहात सावळ्या मुलीला मागच्या रांगेत ढकलायचे, यातला विरोध कोणाला जाणवू नये याचे नवल वाटते. पाहुणे दीड तास उशिरा येतात. तोवर हातात ताटे घेऊन मुली उन्हात तिष्ठत राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या वयोगटाच्या उंबरठ्यावरच्या मुलींना उपाशीपोटी उभे करताना हा आकडा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. एखादी मुलगी भोवळ येऊन पडते, तिला पाणी पाजून वर्गात झोपवले जाते, आणि स्वागतगीत सुरू होते.

खर्चाचा भागही लहान नाही. पोशाखाचे भाडे, वर्गणी, छायाचित्र, ध्वनिचित्रफीत असे करत घराला जो भार पडतो तो नोकरदाराच्या घराला सोसवतो. परंतु या पट्ट्यातील कन्याशाळांत आज सगळीच नोकरदारांची लेकरे नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या, रिक्षा चालवणाऱ्यांच्या, दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या चाळींतून येणाऱ्या मुली आता तेथे मोठ्या संख्येने आहेत. नृत्यात भाग घेणार का, असे विचारल्यावर 'मला आवडत नाही' असे सांगणाऱ्या मुलीचे उत्तर अनेकदा घरच्या पाकिटाने दिलेले असते. तालमी संध्याकाळपर्यंत लांबल्या, की लांब राहणारी मुलगी आपोआप गळते. जिला मंचाची सर्वाधिक गरज, तीच अशी मंचापासून सर्वांत दूर राहते.

दहावीच्या मुलींना तर बहुतेक ठिकाणी 'तुमचे वर्ष महत्त्वाचे' म्हणून बाजूला ठेवले जाते. ज्या वर्षी मुलगी शाळेचा कारभार खऱ्या अर्थाने चालवू शकेल, त्याच वर्षी तिला प्रेक्षकांत बसवले जाते. परीक्षेची काळजी रास्त आहे. मात्र पंधरा दिवसांची संयोजनाची जबाबदारी काढून घेतल्याने किती गुण वाढतात, याचा कोणी कधी ताळा पाहिलेला नाही.

या दोषांचे खापर शिक्षकांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती, आणि त्यांतून उरलेल्या वेळात अभ्यासक्रम, अशी त्यांची स्थिती आहे. मुलींकडून नाटक बसवून घ्यायला दीड महिना लागतो, कंत्राटदाराला दोन दिवस पुरतात. संस्थाचालकांचीही अडचण आहे. मराठी माध्यमाची पटसंख्या घटते आहे, संचमान्यतेत तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि शेजारच्या इंग्रजी शाळेच्या झगमगाटापुढे आपली शाळा फिकी दिसू नये असे त्यांना वाटते. समारंभ ही शाळेची जाहिरात बनली ती या भीतीपोटी. पण ही भीती योग्य ठिकाणी नेऊन पोचवत नाही. झगमगाटाच्या शर्यतीत अनुदानित मराठी शाळा इंग्रजी शाळेला कधीच गाठणार नाही. तिच्याजवळ जे आहे, ते त्या शर्यतीच्या बाहेरचे आहे.

अहवालातील गाळलेली पाने

प्रत्येक वर्धापनदिनी मुख्याध्यापिका अहवाल वाचतात. त्यात शालान्त परीक्षेचा निकाल, प्रथम आलेल्या मुलींची नावे, शिष्यवृत्त्या, ढाली, देणगीदार आणि नव्या खोल्यांची संख्या असते. प्रेक्षक त्या वेळी आपापसांत बोलत असतात, आणि त्यांचा फारसा दोषही नाही. कारण त्या अहवालात सर्वांत महत्त्वाचा आकडा नसतो. पाचवीत ज्या मुली आल्या, त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेला बसल्या? ज्या बसल्या नाहीत, त्या कोठे गेल्या? किती जणींनी गाव सोडले, किती जणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या, किती जणींची लग्ने झाली?

हा प्रश्न दूरच्या आदिवासी पाड्यापुरता आहे, अशी समजूत शहरात असते. वर उल्लेखलेल्या २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली आढळली. दहा किंवा अधिक वर्षे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात निम्म्याच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील स्त्री-साक्षरता सुमारे ७६ टक्के होती, तर पुरुषांची ८८ टक्क्यांहून अधिक. आनंदीबाईंच्या काळाशी तुलना करता ही प्रगती अफाट आहे, हे मान्य करूनही, पाच तरुण स्त्रियांमागे एकीचे लग्न कायद्याने ठरवलेल्या वयापूर्वी होते, ही गोष्ट ज्या राज्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली त्या राज्याला भूषणावह नाही.

राज्य सरकारने २०२४ साली मोठा निर्णय घेतला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यक यांचे दार त्यामुळे कारकुनाच्या आणि कामगाराच्या मुलीला उघडले, आणि ही सवलत स्वागतार्हच आहे. परंतु ते दार जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. जी मुलगी आठवीत किंवा नववीत पहिल्या पायऱ्यांवरूनच परत फिरली, तिला त्याचा काय उपयोग? ती परत फिरली हे सर्वांत आधी कळते ते वर्गशिक्षिकेला, हजेरीपटावरून. म्हणून त्या मुलींचा हिशेब ठेवणे आणि तो जाहीर करणे हे काम सरकारी आकडेवारीच्या भरवशावर न सोडता शाळेनेच करायला हवे. ज्या शाळेच्या अहवालात गळालेल्या मुलींना जागा नाही, त्या शाळेच्या वर्धापनाला अर्धाच आधार आहे.

काय करता येईल

यासाठी मोठ्या योजनेची किंवा अनुदानाची गरज नाही. वर्धापनदिनाच्या अहवालात पटावरून गेलेल्या मुलींची संख्या आणि कारणे, अर्थात कोणाचेही नाव न घेता, सांगण्याचा प्रघात एका शाळेने पाडला, तरी शेजारच्या चार शाळांना तो पाळावा लागेल. मुलींची नावे उच्चारली न जाताही त्यांची आठवण त्या सभागृहात राहील, आणि पुढच्या वर्षी ती संख्या कमी व्हावी यासाठी पालक, माजी विद्यार्थिनी आणि नगरसेवक यांना काही करता येईल. व्यासपीठावरून आश्वासने देणाऱ्या पाहुण्यांना एखादी ठोस मागणीही त्यामुळे मिळेल.

अहवालाचा निम्मा भाग विद्यार्थिनींनी लिहावा आणि वाचावा. प्रयोगशाळेत काय नाही, ग्रंथालयाचे कपाट आठवड्यातून किती वेळा उघडते, स्वच्छतागृहात पाणी असते की नाही, मैदानाचा तुकडा वाहनतळ होऊन किती वर्षे झाली, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. असे बोलणे औचित्याला सोडून होईल, अशी भीती कोणाला वाटली, तर त्यांनी फुल्यांच्या शाळेतील त्या लहान मुलीची नोंद पुन्हा वाचावी. खेळण्यांऐवजी ग्रंथालय मागणारी ती मुलगी शाळेची बदनामी करत नव्हती. शाळा किती यशस्वी झाली आहे, याचा तो पुरावा होता.

समारंभाच्या खर्चाचा जमाखर्च मुलींच्या समितीने ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी फलकावर लावावा. भाड्याच्या पोशाखाऐवजी गणवेशात किंवा घरच्या कपड्यांत होतील असेच कार्यक्रम असावेत, म्हणजे पाकीट पाहून आवड ठरवण्याची पाळी कोणावर येणार नाही. तालमी शाळेच्या वेळेत बसवाव्यात. बाहेरचा दिग्दर्शक हवाच असेल, तर त्याने शिकवावे आणि निघून जावे. प्रयोगाच्या दिवशी पडद्यामागे मुलीच असाव्यात. दहावीच्या मुलींकडे नृत्य नको, पण निवेदन, हिशेब आणि पाहुण्यांची व्यवस्था यांपैकी काहीतरी जरूर द्यावे. आणि पाहुण्यांच्या भाषणाइतकाच वेळ मुलींच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. उत्तरे देता येणार नाहीत असे पाहुणे त्यामुळे येईनासे झाले, तर तेही काही वाईट होणार नाही.

माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यांचाही थोडा निराळा विचार व्हावा. डॉक्टर, अधिकारी, कलावंत झालेल्या चार जणींचे सत्कार होतात, ते योग्यच आहे. पण शाळेने ज्यांना घडवले त्यांत परिचारिका आहेत, बालवाडीच्या बाई आहेत, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आहेत, नवरा गेल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागून घर सावरलेल्या आहेत, आणि रोज तीन तास लोकलमध्ये उभ्या राहून मुलांना शिकवणाऱ्या आहेत. त्यांपैकी एकीला तरी, तिला शाळेचे काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, हे सांगायला व्यासपीठावर बोलवावे. नववीतल्या मुलीला ते बोलणे कोणत्याही सत्कारापेक्षा अधिक कळेल.

मुलींसाठी वेगळ्या शाळा पुढील पन्नास वर्षे टिकतील की मिश्र शाळांत विलीन होतील, हे आज सांगता येत नाही. त्या विलीन झाल्या, तरी शोक करण्याचे कारण नाही. मात्र तत्पूर्वी, ढोलापासून जमाखर्चापर्यंतची सर्व कामे मुलींच्या हाती देण्याची जी सवय या शाळांनी लावली, ती मिश्र शाळांत गेलेली असली पाहिजे. ती सवय जेथे अद्याप शाबूत आहे, तेथील वर्धापनदिन साध्या मांडवात, जुन्या पेटीवर आणि एखाद्या चुकलेल्या तालासह साजरा झाला, तरी त्याची शोभा यत्किंचितही कमी होत नाही. वर्षाची मोजणी संस्थेच्या वयावरून करायची, की त्या वर्षात बोलत्या झालेल्या मुलींवरून करायची, एवढेच प्रत्येक संस्थेने स्वतःशी ठरवायचे आहे.